लाइट आल्यावर बोलणारी बाई

"कुठल्या म्हणायच्या त्या?" पिसाळ वहिनींनी विचारलं.

कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांनी वाटी पुढे केली होती. वाटीत घेवड्याची आमटी होती, आणि उत्तर मिळाल्याशिवाय वाटी सोडायची नाही असा त्यांचा इरादा दिसत होता. एक कड माझ्या हातात, एक त्यांच्या.

"कोण कुठल्या?"

"आता मी काय नाव घ्यायचं, भावजी. तुमच्याकडं आल्यात त्या. इंग्रजी बोलत्यात. शिकलेल्या दिसत्यात."

आणि नेमकी तेव्हाच आतल्या खोलीतून ती बोलली. "हॅलो! आर यू देअर?" पाठोपाठ ते तिचं बारीकसं हसू.

वहिनींनी वाटी सोडली. चोरीचा माल हाती लागल्यावर हवालदाराला होतं तसलं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

"वहिनी, तो कॉम्प्युटर आहे. त्यात व्हायरस शिरलाय. त्याचा आवाज आहे हा."

"व्हायरस म्हंजे ते तापाचं?"

"तसंच काहीतरी. पण मशिनला होतो."

"आन् बाईच्या आवाजात बोलतो."

"हो."

"बरं," वहिनी म्हणाल्या. आमच्या कराडकडच्या बायका हा शब्द असा म्हणतात की त्यात एक पैशाचाही विश्वास उरत नाही. "आमचं काय म्हणणं न्हाई, भावजी. माणसाला माणूस लागतंयच. शकूताईंना जाऊन दोन वर्सं हुत आली. फकस्त आधी सांगितलं असतं तर दोन वाट्या आणल्या असत्या."

ही गोष्ट भारनियमनाच्या दिवसांतली, म्हणजे आता बरीच जुनी. मी पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालो होतो. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. खात्यातल्याच लोकांनी सोसायटी करून घरं बांधली, दोन-दोन घरांत एक भिंत सामाईक. इकडे शिंक आली तर तिकडून "जपा" ऐकू यायचं. त्या भिंतीपलीकडे पिसाळ, अलीकडे मी. शकू असेपर्यंत त्या भिंतीचा मला कधी त्रास झाला नाही. उलट पिसाळांच्या घरातली भांडणं ऐकून आम्ही दोघं आमची भांडणं मिटवायचो.

शकू गेली. रोहिणी, आमची एकुलती एक मुलगी, पुण्यात. आईच्या वर्षश्राद्धापर्यंत ती अधूनमधून येत होती. ते झालं आणि येणं बंद पडलं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. एकदा फोनवर एवढंच म्हणाली, "अण्णा, दारात आई नसते. माझा पायच आत पडत नाही." मी म्हणालो, "तुझ्या सोयीनं ये." मग ती रविवारी सकाळी फोन करायला लागली. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बीपी तपासलं का. मी हो, हो, हो म्हणायचो आणि फोन संपायचा.

मला त्या काळात एकच हवं होतं, की तिनं यावं. सणाला नको, काही कामासाठीही नको, उगीच यावं. पायरीवर बसून आईसारख्या शेंगा निवडाव्यात आणि मला रागवावं. पण हे फोनवर सांगायचं कसं?

कॉम्प्युटर तिचाच होता, जुना. जावई, गिरीशराव, कुठल्या तरी कामासाठी कोल्हापूरला चालले होते, ते जाता जाता बसवून गेले. एकमेकांची तोंडं बघत बोलता यावं म्हणून कॅमेराही दिला. दोनदा वापरला. समोरासमोर तोंड दिसायला लागल्यावर आम्हा बापलेकीला बोलायला सुचेना, म्हणून पुन्हा फोनवर आलो. कॉम्प्युटरबरोबर एक पेनड्राइव्ह होता. त्यात नातीचे, मुक्ताचे फोटो. मुक्ता पाळण्यात, मुक्ता टबात, मुक्ता भिंतीवर रेघोट्या मारताना. ते बघणं आणि पत्त्यांचा खेळ खेळणं एवढाच त्या मशिनचा मला उपयोग.

मग एक दिवस पडद्याच्या कोपऱ्यात ती उगवली. कानाला हेडफोन लावलेली, दात दाखवणारी. फुलीवर टिचकी मारली की जायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा हजर. "हॅलो! आर यू देअर?" मग हसू, मग काहीतरी बक्षीस लागल्याचं बोलणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी न्हाणीत होतो. साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून बाहेर धावलो, दारात कुणी नाही. आत आलो तर ही.

बसस्टँडसमोर मानेंचं दुकान होतं. माने आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग मोबाइल, आणि आता कॉम्प्युटर. लोकांचं जे बिघडेल त्याच्यामागे माने. पन्नाशी उलटलेली, बोलणं सतत चालू. प्रत्येक वस्तू उघडल्यावर आधी तिच्यात जोराची फुंकर मारायची त्यांची सवय होती.

"काय म्हणतोय पेशंट?" ते आत येतानाच म्हणाले.

"बोलतोय."

"बोलतोय तवर बरं असतंय, देवकरसाहेब. गप पडला की खरं भ्या."

त्यांनी फुंकर मारली, सीडी घातली, औषध पाजावं तसं काहीतरी मशिनला पाजलं. पडद्यावर लाल अक्षरं धावली. "सापडलं. मारलं," माने म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पत्ते खेळत बसलो होतो, तर कोपऱ्यातून, "हॅलो!"

माने पुन्हा आले. यावेळी त्यांनी फॉरमॅट मारला. म्हणजे जुनं घर पार पाडून नव्यानं बांधलं, असं त्यांनी मला समजावलं. नवं घर दोन दिवस टिकलं नाही. बाई हजर. मानेंचा चेहरा पडला. "रेडिओ असता तर एव्हाना व्हॉल्व्ह बदलून मोकळा झालो असतो," ते म्हणाले. "हिचं मूळ कुठं हाय तेच घावंना. तवर असं करा, स्पीकरची वायर काढून ठेवा. बोलंल आपली आतल्या आत."

मी वायर काढली. संध्याकाळ व्हायच्या आत परत लावली. गाणी ऐकायला लागतात, असं मी माझं मलाच सांगितलं.

कॉलनीत एव्हाना बातमी शिजून तयार होती. देवळाच्या कट्ट्यावर गेलो तर आमचेच खात्यातले लोक. "काय देवकर, हल्ली बाहेर पडत नाही?" एकाने विचारलं. "घरबसल्या सोय झाल्यावर कशाला पडतोय!" दुसरा. मी व्हायरसचं सांगितलं तर पिसाळ म्हणाले, "असू दे, असू दे. आमाला बी असला एखादा व्हायरस बघा की कुठं मिळतोय का." सगळे हसले. मी कट्ट्यावर जाणं सोडलं. त्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या आठवड्यात रोहिणीचा फोन आला, तो रविवार सोडून.

"अण्णा, मी उद्या येतेय."

"उद्या? काही विशेष?"

"आल्यावर बोलू." आणि फोन बंद. जेवलात का विचारलं नाही, गोळ्यांचं विचारलं नाही.

मी भिंतीशी गेलो. पिसाळ वहिनी तिकडे वाळवणाची राखण करत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, यावरून मी काय ते ओळखलं.

"वहिनी, रोहिणीला फोन केला होता तुम्ही?"

"मी फकस्त कानावर घातलं, भावजी. उद्या कुणी म्हणायला नगो, शेजारी असून सांगितलं न्हाई. तिची आई माझ्या बहिणीसारखी हुती."

मला राग यावा की नाही तेच समजेना. ज्या येण्याची मी इतके दिवस वाट बघत होतो, ते होणार होतं. आणि ती येणार होती माझ्यावर चिडून. आईला जाऊन पुरती दोन वर्षं झाली नाहीत आणि बापानं घरात बाई आणून ठेवली, हे डोक्यात घेऊन. एकदा येईल, बोलायचं ते बोलेल आणि पुन्हा कधी हा उंबरा चढायची नाही. त्या दिवशी मी तीन-तीनदा केर काढला. शकूच्या फोटोची काच पुसली. मग मानेंना फोन लावला.

"आजच्या आज काढा. वाट्टेल ते करा."

माने आले. यावेळी ते गप्प होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बराच वेळ त्यांनी नुसती पडद्याकडे टक लावली. मग म्हणाले, "साहेब, मी गेल्यावर तुमी ह्याच्यावर काय करता? पहिल्यापास्नं सांगा. डॉक्टरापशी लपवायचं न्हाई."

"काही नाही. मुक्ताचे फोटो बघतो."

"कुठले फोटो? फॉरमॅट मारल्यावर फोटो कुठलं ऱ्हायलं?"

मी कपाटातून पेनड्राइव्ह काढून दाखवला. नकाशे ठेवायच्या पत्र्याच्या नळीत मी तो ठेवत असे. मानेंनी तो हातात घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो रोज लावता?"

"रोज. बघून झालं की काढून नळीत."

"आन् फोटो कॉम्प्युटरात का न्हाई टाकून ठेवलं?"

आता मानेंना कसं सांगावं! मूळ नकाशा असा टेबलावर टाकून ठेवत नाहीत. मूळ प्रत नळीत राहते. काम पडलं की काढायची, उलगडायची, काम झालं की गुंडाळून परत नळीत. जन्मभर हेच केलं. मुक्ताही मी तशीच जपत होतो.

माने कपाळावर हात मारून हसायला लागले. "अहो, बाई ह्यात बसलीया! मी दारातनं हाकलतोय आन् तुमी रोज हाताला धरून आत घेताय. लावला रे लावला की शिरती आत."

शोध लागला म्हणून ते उत्साहाने कामाला लागले. पेनड्राइव्ह दुकानात नेऊन धुऊन काढायचा, फोटो वाचवायचे, आणि मशीन इथेच साफ करायचं असं ठरलं. सीडी घातली, लाल अक्षरं धावायला लागली आणि लाइट गेली. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि लाइट स्वतःच्या मर्जीनं जायची. माने अंधारलेल्या पडद्यासमोर थोडा वेळ बसले, मग उठले. "उद्या दुपारच्याला येतो. घाबरू नका. ताईंना मी सांगतो की समजावून."

ताई त्यांच्या आधी आली. ऊन चढलं होतं, लाइट नुकतीच पुन्हा गेली होती. रिक्षातून एकटीच उतरली. फाटकापाशी पिसाळ वहिनी दबा धरून होत्याच. "आलीस व्हय, बाई. बरं केलंस." रोहिणी त्यांच्याकडे बघून हसली आणि आमच्या दारात येऊन थांबली. पाय आत टाकायच्या आधी तिने चपलांच्या कोपऱ्यात नजर टाकली. तिथे माझे दोन जोड होते. मग ती आत आली.

पाणी प्यायली. मुक्ता कशी आहे, बरी आहे. प्रवास कसा झाला, झाला. मी समोरच्या खुर्चीत अपराधी माणसासारखा बसलो होतो. तिने बॅग ओढली, चेन उघडली आणि एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. हिरवी इरकल. खण. नारळ. हळदीकुंकवाच्या पुड्या.

"कुठं आहेत त्या?"

"रोहिणी..."

"अण्णा, मी भांडायला आलेली नाही." ती नारळाकडे बघत बोलत होती. "काकूंचा फोन आला तेव्हा रडले, ते खरंय. मग गिरीश म्हणाला, जा, ओटी भर आणि मोकळी हो. येताना रस्ताभर मी मनातल्या मनात 'मावशी' म्हणायची सवय करत होते. उंब्रजपर्यंत जमत नव्हतं. उंब्रज गेल्यावर जमलं. आता बोलवा त्यांना, नाहीतर परत जमायचं नाही."

काल दिवसभर मी रागाला द्यायची उत्तरं पाठ केली होती. ओटीला काय उत्तर द्यायचं, याची तयारीच नव्हती.

"ती कॉम्प्युटरमध्ये आहे," मी कसाबसा म्हणालो.

रोहिणीने हे समजून घेतलं. अगदी मोठ्या मनानं घेतलं. "म्हणजे इंटरनेटवर ओळख झाली? परदेशात असतात का?"

"बाईच नाही गं. व्हायरस आहे तो. मशीनला झालेला रोग. तो बोलतो."

"दाखवा."

"लाइट नाही."

"मग?"

"ती लाइट आल्यावर बोलते."

रोहिणी माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, खरं सांगा, गोळ्या वेळच्या वेळी घेताय ना?"

मग आम्ही लाइटची वाट बघत बसलो. मी तिला पेनड्राइव्हचं सांगितलं, मानेंचं सांगितलं, कट्ट्यावरचं सांगितलं. तिचा विश्वास बसत होता आणि बसत नव्हता. टोपलीत घेवड्याच्या शेंगा होत्या. तिने टोपली ओढली, ताट घेतलं आणि जमिनीवर मांडी घालून शिरा काढायला लागली. मलाही एक मूठ दिली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात पाण्याचा पंप बंद पडल्यामुळे बादल्यांची खणखण चालू होती.

"एक सांगू?" ती शेंगेवरून नजर न काढता म्हणाली. "काकूंनी सांगितलं तेव्हा आधी राग आला. आईच्या कपाटाला कुणी हात लावत असेल, असलं काहीबाही डोक्यात आलं. मग दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना एकदम हलकं वाटलं. म्हटलं, चला, तिथं कुणीतरी आहे. आता रविवारी फोन वाजत राहिला तरी काळजी नाही."

"वाजत राहिला तर मी न्हाणीत असतो, नाहीतर झाडांना पाणी घालत असतो."

"ते तुम्हाला माहीत असतं. मला तिकडं नुसती रिंग ऐकू येते."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी आपला हात पुसत, सावकाश येऊन फोन उचलायचो.

"मी येत नाही ना," ती म्हणाली, "ते मला समजतं, अण्णा. येववत नाही. आणि येत नाही म्हणून झोपही लागत नाही. म्हणून बाई आहे म्हटल्यावर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि शेंग मोडली. "मूर्खासारखी साडीसुद्धा निवडून घेतली. दुकानदाराला म्हटलं, जरा वयस्कर बाईंना शोभेल अशी द्या."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "चांगली आहे साडी."

फाटक वाजलं. माने आले, आणि त्यांनीच लाइट आणल्यासारखा डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. "घ्या!" ते म्हणाले. "कुठाय आमची सासुरवाशीण?" त्यांनी बटण दाबलं. मशीन घरघरलं, पडदा उजळला. आम्ही तिघंही खोलीत उभे होतो. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि मला घाम फुटला. आज नेमकी गप्प बसली तर मुलगी मला तडक दवाखान्यातच नेणार.

मग कोपऱ्यात दात चमकले. "हॅलो! आर यू देअर?"

मी घाईघाईने खोकलो.

रोहिणीने तोंडावर हात ठेवला. हसू आवरेना तशी खुर्चीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ही? ह्या मावशी?"

"ताई, रागवू नका, पण ही तुमच्याच घरनं आलीया," माने म्हणाले. "पेनड्राइव्हात बसून. फोटोंच्या आडनं."

"म्हणजे माझ्या माहेरी मीच आणून बसवली?"

"व्हय तर. आन् लुगडं बी तुमीच आणलंय. नेसवा आता कॉम्प्युटरला."

हसण्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला असणार, कारण पिसाळ वहिनी रिकामी वाटी न्यायच्या निमित्ताने आल्या. रोहिणीने त्यांचा हात धरून त्यांना पडद्यासमोर उभं केलं. वहिनींनी त्या दातवाल्या बाईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचा प्रयत्न केला, पण ती गळ्यापर्यंतच होती. त्यांची फार निराशा झाली. "एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. रोहिणीने त्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि इरकल, खण, नारळ घालून त्यांचीच ओटी भरली. "खबर दिलीत म्हणून," ती म्हणाली. वहिनींना ते टोमणा म्हणून घ्यावं की मान म्हणून, हे कळेना. साडी मात्र त्यांनी घेतली.

मानेंनी मशीन साफ केलं. धुतलेला पेनड्राइव्ह आणला होता, त्यातले फोटो आत घातले, पेनड्राइव्ह मला परत दिला आणि तो पुन्हा लावायचा नाही अशी शपथ घ्यायला लावली. मशीन बंद करून परत चालू केलं. आम्ही थांबलो. कोपरा रिकामा. माने विजयी मुद्रेने आणखी थांबले. कोपरा रिकामाच.

"गेली," ते म्हणाले. "आता काय परत येत न्हाई."

ते गेले. वहिनी गेल्या. दिवस कलायला लागला होता. रोहिणीला संध्याकाळच्या एस.टी.ने परत जायचं होतं. मुक्ता शेजाऱ्यांकडे ठेवलेली, गिरीशरावांना यायला उशीर होतो. तिने बॅग भरून दाराशी ठेवली आणि जाता जाता चहा करते म्हणून स्वयंपाकघरात गेली. डबे तिला आठवत होते. साखर कुठे विचारलं नाही, चहाची पावडर कुठे विचारलं नाही.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. मुक्ताचा टबातला फोटो उघडला. सगळं नीट झालं होतं. मुलगी आली होती, चिडली नव्हती, हसली होती. अब्रू वाचली होती. मी फोटोकडे बघत होतो आणि पंखा फिरत होता.

"आहे, आहे," मी म्हणालो.

मोठ्याने म्हणालो, नेहमीसारखा. मग माझ्या लक्षात आलं की कुणी काही विचारलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातला कपबशीचा आवाज थांबला. रोहिणी दारात आली. हातात चहाची गाळणी. तिने आधी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग माझ्याकडे.

"कुणाला म्हणालात, अण्णा?"

पिसाळांनी हाक मारली, असं सांगता आलं असतं. फोनवर बोलत होतो, असंही. पण फोन तिच्यासमोर भिंतीला टांगलेला होता. आणि मला खोटं जमलंही नसतं, कारण तिला एव्हाना समजलं होतं. गेले कित्येक दिवस ती बाई विचारायची आणि मी असेन तिथून उत्तर द्यायचो. न्हाणीतून, अंगणातून, तव्यावर पोळी असताना. आधी चेष्टेने देत होतो, मग नाही. दिवसभरात मी आहे का, एवढं विचारणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

"सवय," मी म्हणालो.

ती वळून आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. आणि मग तिचं रडणं. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा माणसं होती घरात, तिने सगळ्यांना पाणी दिलं होतं.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती, पाठमोरी. जवळ जाऊन डोक्यावरून हात फिरवावा असं फार वाटलं. पण आमच्या घरात ती कामं शकू करायची, माझा हात उचलेना. मी चौकट धरून तसाच उभा राहिलो.

"रोहिणी," मी म्हणालो, "गाडी चुकेल."

"चुकू दे," ती म्हणाली.